माटोळीला टांगलेला इतिहास

माझी सून दहावी नापास आहे, हे लग्न ठरवताना आम्ही विचारलंच नव्हतं. मुलगी दोडामार्गापलीकडची, महाराष्ट्रातली, कामाला चपळ, तोंडाची गोड, एवढं आमच्या माणसांनी पाहिलं आणि सोयरिकीचा नारळ दिला. माझा मुलगा खाणीवर ट्रक चालवत होता. ट्रकवाल्याच्या बायकोला दहावी कशाला लागते?

लागली. गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि डिचोलीतल्या कितीतरी घरांसमोर ट्रक गवतात उभे राहिले. आमचाही राहिला. मुलगा वास्कोला बंदरावर कामाला लागला आणि आठवड्याने घरी येऊ लागला. सून गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून जायची. पोरांना घरून आणायचं, नाकं पुसायची, उसळ शिजवायची, भांडी घासायची. तिथली सेविका निवृत्तीला आली होती. तीच एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "हिचो हात पोरांक लागलेलो आसा. माझ्या जाग्यार हीच येवक होयी. पण दहावी पास नसात तर भायरची कोण तरी येतली, आणि ही जन्मभर उसळच शिजवतली."

सून दारात उभी होती. सेविका गेल्यावर हळूच म्हणाली, "माझे दोन विषय रवले, मांय. विज्ञान आणि इतिहास-भूगोल."

ती मला मांय म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

"मगे परीक्षा दी परत," मी म्हटलं.

"माका येवचा नाय."

"कित्याक?"

"मी मठ्ठ आसंय."

माझं माहेर पलीकडे आहे, असं सांगावं तितक्या सहज तिने हे सांगितलं. शाळेत एका गुरुजींनी तिला भर वर्गात तसं म्हटलं होतं, आणि मिळालेली पदवी जपावी तशी ती जपून ठेवली होती तिने. पोरांना काही बोलताना माणसाने जरा जीभ आवरावी. एकदा बोललेलं पोरगं विसरत नाही, बाकी सगळं विसरतं.

"मठ्ठ माणसा मी वळखतंय," मी म्हटलं. "माझ्या भावांत दोन आसत. तू त्यातली नाय."

आता माझं शिक्षण किती, तेही सांगून टाकते. मी पेडण्यातली. गोवा मुक्त झाला तेव्हा मी शेळ्यांमागे फिरत होते. मग गावात देवळाच्या मंडपात मराठी शाळा सुरू झाली आणि माझ्यासारखी घोडी पहिलीत जाऊन बसली. चौथी झाली नि शाळा संपली, कारण पाचवीला नदी ओलांडून जावं लागायचं आणि मुलीला कोण पाठवतो? त्या चार वर्षांत आम्ही पाढे घोकले. सगळा वर्ग एका सुरात डुलायचा. ते पाढे आजही माझ्या तोंडात आहेत, बाजारात मला कुणी फसवू शकत नाही. त्यामुळे अभ्यास म्हणजे डुलत घोकणं, अशीच माझी समजूत होती. सुनेची वेगळी नव्हती.

पोदेराचा भोंपू वाजण्याआधी ती उठायची, माझी तीन वर्षांची नात तिच्या मांडीवर झोपलेली, आणि ही पुस्तक धरून मोठ्याने वाचायची. तेच पान पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाव घेऊन पोदेर यायचा तोवर घसा बसलेला असायचा. मला बरं वाटायचं. घरात अभ्यासाचा आवाज आहे म्हणजे अभ्यास चाललाय.

परीक्षा तिच्या जुन्याच बोर्डाची, केंद्र सीमेपलीकडे, तिच्या माहेराजवळच्या शाळेत. मार्चमध्ये पेपर देऊन परत आली ती बसमधून उतरून सरळ विहिरीवर गेली आणि तोंड धूत राहिली. मी मागोमाग गेले.

"काय झाला?"

"पेपर हातात घेतलो आणि सगळा धुवान गेला, मांय. एक वळ आठवली नाय. येता होता माका. सकाळी येता होता."

खोटं बोलत नव्हती. सकाळी मीच ऐकलं होतं. पण निकाल यायचा तोच आला. दोन्ही विषय गेले.

मुलगा वास्कोहून आला तेव्हा म्हणाला, "र्‍हव दे आता आये. तिका त्रास कित्याक?" त्याला बायकोची दया आली होती. मला ती दया आवडली नाही. दयेच्या पोटात 'मठ्ठ' हाच शब्द असतो.

पावसाच्या उघडिपीतली गोष्ट. नात तुळशीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि ओरडत होती, "प्रकाशसंश्लेषण! प्रकाशसंश्लेषण!" एक अक्षर चुकत नव्हतं. आईच्या मांडीवर झोपेत ऐकून तिला ते आलं होतं.

मी विचारलं, "काय गो ता?"

नात म्हणाली, "ता आई रोज सकाळी खाता."

आम्ही दोघी हसलो. सून तर पदर तोंडाला लावून खाली बसली. हसणं ओसरल्यावर मी तिला विचारलं, "आणि तुका म्हायत आसा काय ता?"

तिने पुस्तकातलं वाक्य धाडधाड म्हणून दाखवलं. अगदी नातीसारखंच, फक्त लांबलचक.

"मी चौथी शिकलेली बायल. माका कळाक नाय. ह्या तुळशीत ता खंय होता, दाखय."

सून तुळशीकडे बघत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तोंडाला आलेलं आणि डोक्यात शिरलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाढ्यांचं चालतं, कारण पाढा रोज बाजारात लागतो. तुळस काही रोज हिशेब विचारत नाही.

ती आत गेली, पुस्तक घेऊन आली, मनातल्या मनात वाचलं. मग तुळशीपाशी बसून सांगायला लागली. मुळातून पाणी वर येतं, पान हवा आत घेतं, सूर्याच्या उन्हावर पान स्वतःचं जेवण रांधतं.

"आणि धूर?" मी विचारलं. रांधलं म्हणजे धूर व्हायलाच हवा.

"धूर नाय मांय, प्राणवायू सोडता भायर."

"म्हणजे आपल्या चुलीपरास शाणी."

"शाणीच."

हे ती विसरली नाही. आठवड्याने विचारलं, सांगितलं. पंधरा दिवसांनी विहिरीवर कळशी भरताना विचारलं, सांगितलं.

तेव्हापासून आमची रीत बदलली. दुपारी ती अंगणवाडीतून आली, जेवण झालं, की मी फणसाच्या आठळ्या सोलायला घ्यायचे आणि ती समोर. एक छोटा तुकडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि मला सांगायचा. आमच्या बोलीत. पुस्तकी मराठी परीक्षेत लिहायची, घरात नाही, असं मी बजावलं होतं. आमची पेडण्याची बोली आणि तिची मालवणी सख्ख्या बहिणी, त्यामुळे सोपं गेलं. अडली की पुस्तक उघडायचं, पण अडली तेवढ्यापुरतंच. पुन्हा मिटायचं. पुन्हा सांगायचं. मी मुद्दाम काही वेड पांघरत नव्हते, मला खरंच कळत नव्हतं. नाडीतून तांबडं रक्त जातं तर हाताच्या शिरा निळ्या का दिसतात, असं विचारलं तेव्हा तिला दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या सेविकेला विचारून यावं लागलं. तिलाही ठाऊक नव्हतं. मग दोघी मिळून कुणाला तरी विचारून आल्या. हिला त्याचं भारी वाटलं. आपल्याला न येणारा प्रश्न दुसऱ्यालाही येत नाही, हे तिला बहुतेक पहिल्यांदाच कळलं असेल.

एक गोष्ट मी तिला सारखी सांगायचे. थोडं विसरू दे. तिला ते पटायचं नाही. विसरलं की तिचा चेहरा पडायचा, आवाज बारीक व्हायचा, मान खाली. मी म्हणायचे, "मान वर कर. तरवो लावतंस मां? काढून दुसरीकडे लावलो काय पयली मान टाकता. मेलो काय? चार दिसांनी बघ." भाताचं रोप जसं उपटून लावल्याशिवाय मूळ धरत नाही, तसं धडाही एकदा निसटून परत ओढून आणला की घट्ट बसतो, हे मी तिच्यावरूनच पाहिलं. जे तिने कधीच विसरलं नव्हतं ते उलट कच्चं असायचं. आणि एकाच बैठकीत सगळं गिळायला मी देत नसे. विज्ञानाचा तुकडा झाला की इतिहासाचा, मग भांडी, मग सकाळचा तुकडा पुन्हा. झोपेची वेळ झाली की पुस्तक मी माझ्या उशाशी ठेवायचे. मागायला आली तर देत नव्हते.

सांगायला येऊ लागलं. पण लांब उत्तराचा घोटाळा तसाच राहिला. कारणं सांगा, परिणाम सांगा, असं असलं की मधला एक मुद्दा सुटायचा आणि त्याच्या मागोमाग पुढचे सगळे. धागा तुटून मणी गडगडावेत तसे.

"लिवताना तुमी समोर नसतालास, मांय," ती म्हणाली. "थय कोण इचारतला माका, मगे पुढे काय म्हणान?"

मी आठळ्या सोलत राहिले.

मग चवथ आली. आमच्या घरी गणपतीच्या खोलीत छताला लाकडी चौकट कायमची टांगलेली असते. चवथीच्या आदल्या दिवशी तिला माटोळी बांधायची. रानातली नि परसातली फळं, पानं, फुलं, सगळी केवणीच्या सालीच्या दोराने चौकटीला बांधून गणपतीच्या डोक्यावर छत करायचं. सुनेच्या माहेरी तिला माटवी म्हणतात. त्यावरून आमचं दर वर्षी होतं. मी म्हणते, तुमची माटवी तिकडे ठेव, हय माटोळी. ती म्हणते, नाव खंयचाय दी, नारळ तोच. प्रत्येक घरात कुठली वस्तू कुठे, ते ठरलेलं असतं, आणि एका घराची रीत दुसऱ्या घराला चालत नाही. आमच्याकडे मधोमध नारळाची जोडी, तिच्या उजव्या हाताला सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड, मग पपनसासारखं तोरिंजन, कोपऱ्यात नीरफणस, पुढच्या बाजूला रानवेलीवरच्या कांगलांचे घोस, आंबाडे, कवंडळं, आणि असं करत करत फिरून परत नारळाकडे.

माझे यजमान होते तोवर ते बांधायचे. नंतर मुलगा. त्या वर्षी वास्कोहून येणाऱ्या बसगाड्या भरलेल्या, मुलगा म्हापशालाच अडकून पडला. बाजार आम्ही आणून ठेवलेला. सून स्टुलावर चढली आणि बांधायला लागली. मी खालून एकेक वस्तू हातात देत होते. म्हणजे द्यायला जात होते, तर तीच आधी मागायची. "आता तोरिंजन. आता कांगलां. नाय, ती नाय, दुसरो घोस, जड आसा तो." सगळं बांधून झालं तरी एक वस्तू चुकली नाही की जागा चुकली नाही. माझी मात्र कवंडळं पिशवीतच राहिली असती, तिने आठवण केली.

"तुका कोणी पाठ करून घेतली ही?" मी विचारलं.

"पाठ कित्याक करूक होयी? वर बघलंय काय दिसता मां. हय नारळ, मगे हात फिरवीत जायचा."

मी खाली उभी होते, ती वर. माझ्या मनात जे आलं ते मी तसंच बोलले. "मगे तुझो इतिहास थय टांग."

ती हसली. मग हसायची थांबली. स्टुलावर उभ्या उभ्याच तिने वर पाहिलं, आणि सुपारीच्या शिपटाला हात लावून म्हणाली, "मांय, संस्थानांचा विलीनीकरण. इतक्यो सुपाऱ्यो, पण देठ एकच."

"आणि एक सुपारी खाली पडली ती?"

"ता हैदराबाद," ती म्हणाली. "पडली नाय, मागसून बांधली."

गणपती होता तोवर आम्ही काही केलं नाही. देवाच्या माथ्यावर भूगोल टांगणं बरं दिसत नाही. विसर्जन झालं, फळं उतरवली, भाजी झाली, वाटून झालं, आणि रिकामी चौकट राहिली. त्या रिकाम्या चौकटीखाली दुपारी आम्ही दोघी उभ्या राहायचो, आणि ती सगळं परत बांधायची. मनातल्या मनात. तोरिंजन आम्ही चार फोडी करून खातो, म्हणून तोरिंजनाच्या जागी हृदय आणि त्याचे चार कप्पे. कांगलां पिकली की फुटतात आणि आत तांबडं दिसतं, म्हणून तिथे ज्वालामुखी. आंबाडा आंबट, तिथे आम्लं. कवंडळ कडू जहर, तिथे आम्लारी. निळ्या लिटमसचं तांबडं कोण करतो, असं विचारलं की ती तोंड वाकडं करायची, आंबाडा चावल्यासारखं, आणि म्हणायची, "हो आंबाडो करता." असं तोंड वाकडं केलेलं कोण विसरेल?

एका धड्याला मात्र मी जागा दिली नाही. गोवा मुक्त झाला त्याचा पुस्तकात छोटासा तुकडा होता, आणि तो नेमका तिच्या हातून निसटायचा.

"ह्या टांगू नको," मी म्हटलं. "ह्या माका विचार. मी होतंय थय."

आणि मी सांगितलं. पलीकडून भारताचे सैनिक आले. आम्ही पोरं आधी माडांमागे लपलो. आमच्या शेजारच्या म्हातारीला कोण सैनिक कुठला, काही समजत नव्हतं; दमलेली पोरं दिसली म्हणून तिने शहाळी काढायला लावली आणि कोयता हातात घेऊन रस्त्यात उभी राहिली. कोयता बघून सैनिक थबकले. म्हातारी ओरडली, "पियात रे, मेल्यांनो!" एवढंच माझं स्वातंत्र्य. सून हसून हसून लोळली. पण त्यानंतर त्या तुकड्यातलं एक अक्षर चुकलं नाही. पुस्तकातल्या गोष्टीला कुणाचं तरी तोंड मिळालं की ती घरची होते.

पुढच्या मार्चातला, परीक्षेआधीचा रविवार. सून पोरीला घेऊन दळण आणायला गेली होती. मी परसात होते. मुलगा घरी आलेला. संध्याकाळी सून परत आली, पिठाचा डबा ठेवून सवयीने गणपतीच्या खोलीत गेली, आणि मी तिची किंकाळी ऐकली.

धावत गेले तर ती छताकडे बघत उभी. वर काही नव्हतं. नुसतं छत आणि खिळ्यांची भोकं.

"माझो इतिहास खंय गेलो?" ती ओरडत होती. "चौकट खंय गेली?"

मुलगा हातोडा घेऊन मागच्या दारातून आला. "अगो, वाळवीन खाल्लेली ती. पुढल्या चवथीक कोणाच्या तरी माथ्यार पडतली होती. खाली काढलंय, सुताराकडे दिलंय. नवी करता तो. काय झाला काय?"

"ज्वालामुखी थय होतो! हृदय थय होता! सगळा तुम्ही सुताराक दिलास!"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "आये, हिका ताप आयलो काय?"

मी त्याला काही समजावत बसले नाही. सुनेचा चेहरा बघितला. तोच चेहरा, विहिरीवरचा. सगळं धुवून गेल्याचा. मी सुद्धा घाबरले, खोटं कशाला बोलू? पण ते दाखवून काय फायदा?

"उभी रव थय," मी म्हटलं. "डोळे मीट. आता वर बघ."

"डोळे मिटून वर कसा बघू?"

"बघ म्हणजे बघ. मधी काय आसा?"

तिने डोळे मिटले, मान वर केली. मग म्हणाली, "नारळ."

"उजव्या हाताक?"

"सुपारीचा शिपटा."

"मगे?"

आणि ती चालली. डोळे मिटलेले, मान वर, हात हवेत फिरतोय. शिपटावरून तोरिंजन, तोरिंजनावरून कोपऱ्यातला नीरफणस. कुठल्या कप्प्यात कुठलं रक्त, कुठल्या बाजूने येतं, कुठे जातं. संस्थानं बांधली. ज्वालामुखी फोडला. आंबाड्याला तोंड वाकडं केलं, डोळे मिटूनच. मी तिसऱ्या-चौथ्या वस्तूनंतर 'मगे' म्हणायचं थांबवलं होतं, ते तिला कळलंही नाही. फिरून नारळाकडे आली आणि थांबली.

मुलगा उंबऱ्यावर बसला होता. हातोडा मांडीवर. बायकोला असं सलग बोलताना त्याने कधी ऐकलं नसावं.

"ह्या सगळा हिका कोणी शिकयला?" त्याने मला विचारलं.

"ती माकाच शिकयता," मी म्हटलं. "तू पीठ आत ठेव, मुयो लागतल्यो."

सुनेने डोळे उघडले, वर रिकाम्या छताकडे पाहिलं. नंतर भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "मांय, म्हणजे चौकट लागाकच नाय."

"नाय. आता ती तुझ्याकडे आसा. वाळवीक सांगू नको."

परीक्षेला मी सोबत गेले नाही. पोरीला कोण बघणार? मुलाने सोडलं आणि तो तसाच वास्कोला गेला. सगळे पेपर होईपर्यंत ती माहेरी राहिली. परत आली त्या दिवशी मी ओट्यावरच बसले होते. बसमधून उतरली, विहिरीकडे गेली नाही, सरळ माझ्याकडे आली आणि टेकली.

"सांग."

"पयलो पेपर हातात घेतलो आणि परत तसाच झाला. सगळा काळाकुट्ट. मगे मी वर बघलंय. सवय झाली मां. वर पंखो. तितक्यात बाई आल्यो. मोठ्यान म्हणाल्यो, 'वर काय बघतेस? पंख्यावर उत्तरं लिहिलीत का?' सगळी पोरां हसली."

भर वर्गात हसणं. तेच परत.

"मगे?"

"मगे काय? मी म्हटलंय, 'नाय बाई, माटवी बघतंय.' त्यांका काय कळाक नाय. माझे हात बघल्यांनी, बाकाखाली बघल्यांनी, आणि गेल्यो. मी डोळे मिटलंय. आपल्या खोलीत उभी रवलंय. नारळ दिसलो."

"मधीच?"

"मधीच. होतो थयच होतो."

ती सांगत राहिली, मी ऐकत राहिले. इतिहासाच्या पेपरात गोव्यावर टीप आली होती.

"म्हातारीची शहाळी लिवलंस?" मी गमतीने विचारलं.

"लिवलंय."

"अगो गाढवा! ता पुस्तकात नाय!"

"नसूं दी. खरा आसा मां?"

निकालाच्या दिवशी मुलाने वास्कोत कुणाच्या तरी फोनवर बघितलं आणि घरी फोन केला. फोन सुनेने घेतला. तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिने नुसतं "दोनूय?" असं विचारलं, मग परत एकदा "दोनूय?" आणि फोन ठेवला. नातीच्या केसांत फणी अर्धी राहिली होती ती पुन्हा हातात घेतली, भांग पाडला, वेणी घातली, रिबीन बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मठ्ठ नाय, मांय."

"ता मी तुका आधीच सांगलेला," मी म्हटलं. "भावांचा नाव घेवन."

तेव्हा ती रडली. पोरगी घाबरली, तिला मी बाहेर नेलं. आईला आज प्रकाशसंश्लेषण जास्त झालं, असं सांगितलं. तिला ते पटलं.

नेमणूक व्हायला सरकारी वेळ लागायचा तेवढा लागला. जुनी सेविका निवृत्त झाली त्या दिवशी कपाटाची किल्ली सुनेच्या हातात देऊन गेली. आता ती तिथे बसते. पोरांना नाचायला लावून शिकवते, झाडाखाली नेऊन शिकवते, आणि एखादं अडलं तर त्याची हनुवटी धरून मान वर करते. शब्द एकही बोलत नाही. मी जाऊन बघितलंय. आवाज केला नाही, गेले तशी परत आले.

पुढच्या चवथीला सुताराची नवी चौकट वर गेली. मुलगा या वेळी वेळेवर आला होता. माटोळी बांधायला मात्र सूनच स्टुलावर चढली. त्याने खालून स्टूल धरलं आणि मी फळं देत होते. तोरिंजन हातात घेतलं, तर माझ्याच तोंडून निघालं, "उजव्यात अशुद्ध, डाव्यात शुद्ध." आता या वयात मला हृदयाचे कप्पे कोण विचारणार आहे? पण ते तिथे बसलेत, निघत नाहीत.

सून वरून हसली. नारळाची जोडी दोरात अडकवता अडकवता म्हणाली, "मांय, बारावीचा पुस्तक जाड आसता. इतक्या सगळा खंय टांगूया?"

मुलाने खालून वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"पयलो तो नारळ नीट बांध," मी म्हटलं. "माझ्या माथ्यार पडात. मगे बघूया."